नाचा, पन हालू नका

बतुकम्माच्या फेरात टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायकांना हात जोडून "नाचा, पन हालू नका" असं सांगणारा माणूस तेलंगणातल्या आमच्या तलमडुगूत एकच आहे. ते म्हणजे आमचे शेजारी दिगंबरकाका.

काकांचं किराणा दुकान. सगळा जन्म तराजूपाशी गेला. यंदा मात्र त्यांनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडून तरी जुना कॅमेरा घेतला आणि तांदळाच्या डब्यात नेऊन ठेवला. "कपाटात ठेवला त ओल लागते," हे त्यांचं शास्त्र. बाहेर काढला की आधी फुंकर, मग धोतराचा सोगा, मग काचेला नमस्कार. तोवर समोरची चिमणी कधीच उडून गेलेली असायची.

दसऱ्याआधीचे, बतुकम्माच्या सणाचे दिवस आले. तरवडाच्या आणि कुरडूच्या फुलांची उंच बतुकम्मा मधे ठेवून संध्याकाळी देवळापुढं बायका फेर धरू लागल्या. काकांना तिथं जायचं होतं, पण म्हातारा माणूस कॅमेरा घेऊन बायकांकडं बघतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून मला बोलावणं आलं. मी शाळेत शिकवते, तेव्हा माझ्या अब्रूवर दोघांचंही भागेल असा त्यांचा हिशेब.

"बाई, तुमी फक्त बाजूले उभ्या राहा. म्हंजे कोनी काई म्हननार नाई."

पहिल्या संध्याकाळी सगळे फोटो हलले. दुसऱ्या दिवशी काकांनी उपाय काढला, तो म्हणजे फेरच थांबवायचा. त्यांनी हात वर केला की बायका बिचाऱ्या जिथल्या तिथं थांबायच्या. टाळीचे हात हवेत, गाणं बंद, तोंडं परीक्षेला बसल्यासारखी. फोटो स्वच्छ यायचे, पण त्यांत नाच सोडून सगळं असायचं. एक आजी तेलुगूत काहीतरी बोलली. त्याचा अर्थ मी काकांना सांगितला नाही.

"काका, काऊन एवढा जीव आटवून राह्यले?" मी विचारलं.

"एक फोटो पायजे. हासता. बस."

कुणाचा, ते सांगेनात.

शेवटच्या संध्याकाळी, फुलं तळ्यात सोडायला निघण्याआधी, काका कॅमेऱ्यातले आधीचे फोटो मागंपुढं करत होते. मी खांद्यावरून डोकावले. प्रत्येक फोटोत मधोमध त्यांची सून, स्रवंती. बाकीच्या बायका कडेला अर्ध्या कापलेल्या.

स्रवंती तेलुगू घरातली, लग्नाला वर्षही झालेलं नाही. या सणाला लेकी माहेरी जातात. पण ही दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागलेली, रजा मिळाली नाही. काकू केव्हाच गेल्या, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मुलगा तेलुगू सफाईनं बोलतो. काकांची तेलुगू मात्र भाव सांगण्यापुरती. जेवलीस का विचारायला जावं, तर तोंडून "किती किलो" एवढंच निघायचं.

"मंग हिंदीत बोला न तिच्यासंग," मी म्हटलं.

"हिंदी त गिऱ्हाइकाची बोली, बाई. घरच्या पोरीसंग कशी बोलू?" मग खाली बघत म्हणाले, "तिची माय तिकडं बासर गावाले एकटी हाय. तिले फोटो पाठवीन म्हनलं. पोरगी इथं हासते, एवढं तिले दिसलं पायजे."

मला भरून आलं. इतके दिवस मी त्यांची गंमतच बघत होते.

फेर थांबवायला त्यांनी हात वर केला, तो मी धरून खाली घेतला. "फिरू द्या त्यायले."

गाण्याची लय वाढली. स्रवंती आमच्यासमोर वळली, एका हातात कॅमेरा नि दुसरा हात माझ्या मुठीत, असा सासऱ्यांचा अवतार बघून तिला हसू फुटलं आणि काकांचं बोट दाबलं गेलं. फोटोत हात हलले होते, पदर हलला होता. चेहरा तेवढा लख्ख आणि हसरा.

"हालला," काका हिरमुसले.

"दाखवा तर तिले," मी म्हटलं.

फेर संपल्यावर स्रवंतीनं तो बराच वेळ पाहिला. कॅमेऱ्याच्या पडद्याचाच मोबाइलवर फोटो घेऊन तिनं तो आईला धाडला. मग सासऱ्यांच्या हातातून कॅमेरा घेतला, त्यांना बतुकम्माशेजारी उभं केलं आणि इतक्या दिवसांत ऐकून ऐकून जमलेल्या मराठीत म्हणाली, "मामय्या, हासा. पन हालू नका."

काका हसले. पण लगेच धोतराचा सोगा डोळ्यांकडे गेला.

काकांचा तो फोटोही हललेला आहे. काकांनी तो दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय.