पाच जावयांचा संघ

आधीच सांगून ठेवतो, त्या सामन्याबद्दल मला कसलीही लाज वाटत नाही. अमरावतीत अजून काही लोक मला बघितलं की टोपी तोंडावर धरून हसतात. हसू द्या. माझी योजना बिनचूक होती. ती फसली माझ्या घरच्यांमुळे, आणि घरच्यांपुढे कोणाचं काय चाललंय?

सगळं सुरू झालं एका जेवणावरून. मी अमरावतीच्या कचेरीत कारकून. माझे सासरे खुशालराव यांचा अकोल्याला जठारपेठेच्या मागे भाजीचा मळा. आम्ही दोन्हीकडचे माळीच, पण आमच्या घरात वडिलांपासून कोणी मातीत हात घातलेला नाही. (ते तुमच्या हातांकडे बघूनच समजतं, असं खुशालराव चारचौघांत म्हणत.) कौशल्या त्यांची एकुलती एक. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांचा एकच धोशा होता, नोकरी सोडा, अकोल्याला या आणि मळा सांभाळा. थोडक्यात, घरजावई व्हा. मी दर वेळी ‘बघू’ म्हणायचो आणि कढी वाढून घ्यायचो. त्या दिवशी मी ठरवलं की आज ‘बघू’ म्हणायचं नाही. एवढाच काय तो निर्णय.

“मामाजी,” मी म्हणालो, “मी काई येणार नाई.”

“काहून?”

“मी अमरावतीचा माणूस आहो.”

यावर खुशालरावांनी अमरावतीच्या माणसांबद्दल आपलं मत सांगितलं. एक भोपळा उचलायला तिथे दोन माणसं लागतात आणि तिसरा त्यावर भाषण करतो, असं ते मत होतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण कढी आंबट होती, ऊन तापलेलं होतं, आणि मी बोलून गेलो की बास्केटबॉलमध्ये आमचं मंडळ अकोल्याच्या कोणत्याही संघाला लोळवेल.

हा खेळ तेव्हा आमच्याकडे नवीनच होता. दोन उंच खांब, त्यांना एकेक लोखंडी कडं, आणि कड्यात चेंडू टाकायचा. मद्रासेहून शिकून आलेल्या एका मास्तरांनी तो दोन्ही गावांत लावून दिला होता. जठारपेठेची माळ्यांची पोरं तर त्यावर तुटूनच पडली होती. खुशालरावांचा पुतण्या पंजाबराव त्यांचा कॅप्टन. रोज गाडीवर कोबीचे गड्डे फेकून फेकून त्या पोरांचे हात असे बसले होते की बोलायची सोय नाही.

खुशालरावांनी तांब्या खाली ठेवला. अमरावती जिंकली तर घरजावयाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. अकोला जिंकलं तर अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तुमची ट्रंक माझ्या अंगणात. स्वयंपाकघराच्या दारातून कौशल्येने मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलवली हे बघायला मी थांबलो नाही. हो म्हणून मोकळा झालो.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, “त्या घरी मी पोरगी होती. आता परत पोरगी होऊन नाई राहायचं मले. माह्या चुलीवर माह्याच हातचं शिजलं पायजे. तुमी हरले तर तुमी एकटे जा.”

म्हणजे हरलो तर नोकरी जाणार, आणि बायकोही अमरावतीत राहणार. सासऱ्याच्या घरी बायकोशिवाय राहणारा घरजावई वऱ्हाडात आजवर झाला नसेल.

अमरावतीला येऊन बघतो तर आमचं मंडळ आटलेलं. दोघांची बदली नागपूरला झालेली, दोघे यवतमाळला दुकान टाकून बसलेले. उरलो मी. (मी कॅप्टन होतो, कारण चेंडूत हवा भरायचा पंप माझा होता.) गावात चांगले खेळणारे होते, नाही असं नाही. पण त्यांना गाडीभाडं हवं, सकाळी दूध हवं, कापडी बूट हवेत. मंडळाच्या पेटीत उघडून पाहिलं तर एक शिट्टी होती. मग मी ठरवलं की म्हातारा असो, कोरा असो, जो फुकट येईल तो खेळाडू. पण फुकटही कोणी येईना.

आणि मग मला ती कल्पना सुचली. आजही मी ती छातीठोकपणे सांगतो.

त्या साली वैशाख अधिक आला होता. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावणं जातं, त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालतात, वर धोतरजोडी. मी गावभर फिरून फक्त अशी माणसं शोधली, ज्यांची सासुरवाडी जठारपेठेत आहे. गाडीभाडं सासऱ्याकडे, जेवण सासूकडे, कपडे मेहुण्याकडे. मंडळाला काही तोशीस नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. अकोल्याचा अख्खा संघ त्याच वाडीतला. कोणी चुलत मेहुणा, कोणी मावस. धोंड्याच्या महिन्यात जावयाला धक्का कोण मारील? जावयाच्या हातातली वस्तू हिसकून कोण घेईल?

मी हे कौशल्येला सांगितलं. तिने भात ढवळता ढवळता माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “तुमचं डोकं कवाकवा चालते.” लग्नानंतरची ही पहिली शाबासकी होती.

तर आमचा संघ असा. पहिले शेषराव. एकेकाळचे पहिलवान. आता ते येण्याआधी त्यांचे गुडघे वाजत येत. पण सासूबाई पार्बताबाई अजून खणखणीत, त्यामुळे जावईपण शाबूत. दुसरा भगवंत, कोरा करकरीत, मार्गशीर्षात लग्न झालेला आणि लाजाळू. त्याच्याकडे चेंडू टाकला की तो दोन्ही हातांनी घ्यायचा, छातीशी धरायचा आणि उभा राहायचा. पुढे काय करायचं ते मी त्याला पुष्कळदा सांगितलं, पण तो “हो जी” म्हणून पुन्हा उभाच राहायचा. तिसरा आणि चौथा सख्खे भाऊ, दोन सख्ख्या बहिणी केलेले. त्यांची आपसात बोलचाल बंद होती, म्हणून ते एकमेकांना चेंडू देत नसत. आणि पाचवा मी.

गाडीत आमच्याबरोबर माझी मायही होती. माझी बहीण शकुन अकोल्यातच दिलेली. धोंड्याचा महिना, तेव्हा जावयाला अनारशांचं वाण द्यायला माय निघाली होती. मांडीवर झाकलेलं ताट घेऊन ती बडनेऱ्यापासून मला सांगत होती की ताटाला धक्का लावू नको. मी तिकडे लक्ष दिलं नाही. (कॅप्टनच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.)

दुपारी पाचही जावई आपापल्या सासुरवाडीला जेवले. संध्याकाळी मैदानावर चौघे चालत आले. शेषरावांना दमणीत, छोट्या बैलगाडीत घालून आणावं लागलं. पार्बताबाईंनी वाढताना त्यांना नाही म्हणू दिलं नव्हतं. भर उन्हाळ्यातलं अकोला, सूर्य कलला तरी जमीन भाजत होती, आणि अख्खी जठारपेठ बाजा टाकून बसली होती. पुढच्या रांगेत खुशालराव, त्यांच्या शेजारी माझी माय, मायच्या शेजारी पदर घट्ट धरून कौशल्या.

शिट्टी झाली. चेंडू शेषरावांकडे गेला. पंजाबराव वाघासारखा धावत आला, पुढच्या रांगेत पार्बताबाई दिसल्या, आणि तो जागच्या जागी थांबून हात जोडून उभा राहिला. शेषरावांनी सावकाश नेम धरला. चुकला. अकोल्याच्या एका पोराने चेंडू उचलला, धोतराला पुसला आणि अदबीने परत त्यांच्याच हातात दिला. दुसऱ्यांदा पडला. भगवंताने चेंडू छातीशी धरला, तर तिघे जण त्याच्याभोवती उभे राहून जेवण नीट झालं का विचारू लागले. पंच बाहेरगावचे मास्तर होते. त्यांना हा काय प्रकार चालला आहे तेच कळेना. ते अधूनमधून नुसतीच शिट्टी फुंकत होते.

अकोल्याच्या हाती चेंडू आला की मात्र तो थेट कड्यात पडायचा. पोटात धोंडे घेऊन आमच्यातला कोणीही त्यांच्यामागे धावू शकत नव्हता. पण चेंडू बहुतेक वेळ अदबीने आमच्याच हाती परत येत होता. असं करत करत वेळ संपत आली तेव्हा आम्ही एका बास्केटने पुढे होतो. मी खुशालरावांकडे बघितलं. त्यांची पानाची पिचकारी अर्ध्यातच राहिली होती. मला फार आनंद झाला, कशाला खोटं बोलू.

तेव्हा पंजाबरावाने हात वर करून गडी बदलायला मागितला. गर्दीतून धोतर खोचत जो माणूस आला त्याला बघून मला हसूच फुटलं. तो वामनराव होता, माझ्या शकुनचा नवरा. टांग्यापर्यंत चालला तरी धापा टाकणारा माणूस. कड्यात चेंडू टाकणं सोडा, त्याला कडं दिसत तरी होतं का, देव जाणे.

चेंडू माझ्या हातात होता. थोडा वेळ तो नुसता धरून ठेवला की संपलं. वामनराव धापा टाकत माझ्यासमोर आला आणि त्याने शांतपणे दोन्ही हात पुढे केले. 

पुढच्या रांगेतून मायचा आवाज आला. “बापू, जवाई हात पसरून उभे आहेत. धोंड्याच्या महिन्यात त्यायले नाई म्हणतो काय?”

मी कौशल्येकडे बघितलं. ती मान हलवत होती, आणि या वेळी कोणत्या दिशेने ते मला स्पष्ट दिसलं. माझ्या हातात कौशल्येचा संसार होता आणि समोर शकुनचा. नाही म्हटलं असतं तर शकुनला वर्षभर टोमणे ऐकावे लागले असते.  शेवटी मी चेंडू दिला. दोन्ही हातांनी, वाकून दिला. वामनरावाने तो पंजाबरावाकडे ढकलला आणि बरोबरी झाली. पुन्हा चेंडू माझ्याकडे आला. वामनरावाने पुन्हा हात पुढे केले.

आम्ही हरलो.

खुशालरावांच्या अंगणात शिरताना मी मनाशी पक्कं केलं होतं. शब्द गेला खड्ड्यात, मी येणार नाही, काय करायचं ते करा, असं तोंडावर सांगायचं. छाती पुढे काढून मी उभा राहिलो. खुशालरावांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझ्याआधी तेच बोलले.

“राहू द्या, जवाईबुवा. तुमी अमरावतीलेच राहा.”

“म्हणजे?”

“माह्या मळ्यात दिवसभर लोकं हात पसरून येतात. कोणी वांगे मांगते, कोणी उधार मांगते. जो हात पसरन त्याले तुमी देऊन टाकाल, तेही वाकून. पैज मी जिंकलो, पण बक्षीस नाई पायजे मले.”

इथे शहाण्या माणसाने नमस्कार करून निघायचं. पण मला राग आला. मी काय इतका टाकाऊ आहे? मी त्यांना म्हणालो की एक दिवस मला वांग्यांवर बसवून तर बघा, एक वांगं कोणाला फुकट गेलं तर सांगा. अमरावतीची माणसं भाव करण्यात कोणाला हार जात नाहीत. मळा सांभाळायला मी पूर्ण लायक आहे. कौशल्येने माझ्या पायावर पाय दिला, माझी पिशवी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून मला ओढतच बाहेर काढलं.

गाडीत ती खिडकीशी बसून हसत होती. मी मात्र ठणकावून सांगितलं, आजपासून मी कोणालाही काहीही देणार नाही. कोणी कितीही हात पसरो, जावई असो की जावयाचा बाप. मी कठोर होणार. ती म्हणाली, बरं.

मूर्तिजापूरला एक गृहस्थ चढले. माझ्या बाकावरच्या जागेकडे बघून त्यांनी नुसता हात पुढे केला.

बडनेऱ्यापर्यंत मी माझा निश्चय तिला उभ्यानेच समजावून सांगितला. (उभं राहून बोललं की आवाजाला जोर येतो.)