मास्तरांच्या घरातला आवाज

नमस्कार करायच्या आधी वसंतमास्तर माणसाच्या डोक्याला मागून हात लावत. डिचोलीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी शिक्षकांच्या खोलीत माझ्या मानेच्या वर एक थंडगार तळवा येऊन टेकला. पाठीमागून आवाज आला, "हो ल्हान मेंदू. हो आसा म्हणून तू खुर्चेर बसला. ना जाल्यार पडपाचो."

मी खरंच पडायच्या बेतात होतो.

मास्तर शास्त्र शिकवत, आणि शास्त्रात त्यांना मेंदूच तेवढा दिसे. उर्राक पिऊन झुलत जाणारा कोणी दिसला की म्हणत, "ल्हान मेंदू बुडालो." मुख्याध्यापक भडकले की मास्तर आपल्या कपाळावर बोट ठेवून माझ्या कानाशी लागत, "कपाळाफाटलो भाग बंद पडलो. विचार थंयच घडटा." सभेत कुणी घोरायला लागलं, तर "भिवं नाका, लंबमज्जा जागी आसा. श्वास तीच घेता!" न्हाव्याने त्यांना दुकानात यायला बंदी केली होती. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ते बोटाने रेघा ओढत, "मागच्यान दिसता, कुशीच्यान आयकता," आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून पळे.

तेव्हा गोव्यात राजभाषेचा वाद पेटलेला. एकदा बाजारात दोघे जण कोंकणी की मराठी करत एकमेकांच्या अंगावर धावले. मास्तर मध्ये शिरले. दोघांच्या डाव्या कानशिलाच्या वर एकेक बोट टेकवून म्हणाले, "तुझी कोंकणी हांगा. तुझी मराठीय हांगाच. ही सुवात, ही जागा गेली की दोनूय वतात."

ते हसले नाहीत. दोघे आपापल्या वाटेला लागले.

पुढे मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. मालकीणबाईंनी किल्ली देताना सांगितलं की मास्तरांच्या बायकोला, शालिनीवयनींना, पक्षाघात झाल्यापासून वाचा नाही, एक शब्दही नाही. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पूण दनपारां त्या घरांत बायल गायता. आमी कोण थंय पाय घालना."

मी केरी गावचा. भर दुपारी देवचाराचं भूत फिरतं हे ऐकतच मोठा झालेला. तरी हसलो.

पहिल्याच रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो. वारा पडलेला, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला. बारीक, सपाट, झोपेत गावं तसा. एक ओळ झाली आणि सुरी फिरवल्यासारखा तुटला. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तिथेच तुटला. हातातला पाव हातातच राहिला.

शेवटी उठलो आणि पलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आतल्या काळोखात वयनी खाटेवर बसल्या होत्या. अर्धा चेहरा ओघळलेला, नजर भिंतीवर. आणि त्या गात होत्या,

"मयेच्या तळ्यावर धुकं पडलं दाट..."

"भितर यो रे," मास्तर म्हणाले. "भियेलो मरे?"

"त्यांना तर बोलता येत नाही ना, मास्तर?"

"बोलप डावेकडेन. ती बाजू गेली. गावप उजवेकडेनय आसता, तें उरलां. आरत्यो, पाळणे, सगळें गायता. पेज जाय म्हणून मात सांगूंक जमना." मग त्यांनी आरतीच्या चालीत, भयंकर बेसूर, वयनींना विचारलं, "उदक जाय गोऽऽ?" वयनींनी मान हलवली. एरवी मी हसलो असतो.

"पण हा तर उखाणा," मी म्हणालो. "पुढे नवऱ्याचं नाव यायचं, तिथेच का अडतात? आजारामुळे?"

मास्तरांनी त्यांना दोन घोट पाणी पाजलं, त्यांच्याच पदराने तोंड पुसलं.

"दोतोर तशेंच म्हणटा. दोतोर आमच्या लग्नाक आयिल्लो ना. त्या दिसाय ती हांगाच थांबली. सगळ्यो बायलो फाटीं लागल्यो, पूण नांव घेवंक ना म्हणजे ना. लजली." ते वयनींकडे वळले. "परत म्हण गो."

वयनींनी ओळ गायली. नावापाशी आल्या. थांबल्या. ओठांची जिवंत बाजू किंचित वर गेली, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पळय!" मास्तरांनी माझा हात घट्ट धरून वयनींकडे बोट दाखवलं. "पळयलें मरे? अजून लजता."