घड्याळजींच्या बायकोची नाडी

हृदय म्हणजे घड्याळ, हे घड्याळजींनी एकदा ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं बदलायची त्यांना सवय नव्हती. चावी मोजकीच भरलेली असते. जितकं पळवाल तितकं लवकर थांबेल. म्हणून माणसाने जिना सावकाश चढावा, बसमागे धावू नये आणि व्यायामाच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये! स्वतः ते सकाळी दुकानातल्या स्टुलावर बसत ते संध्याकाळीच उठत. "माझे ठोके मी जपून वापरतो," असं गिऱ्हाइकांना ऐकवत. गिऱ्हाइकाला आपलं घड्याळ वेळेवर परत हवं असायचं, तेव्हा तो मान डोलवायचा.

आता अशा माणसाच्या बायकोने एक दिवस भरलेली पिशवी घेऊन जिना चढून यावं आणि दारात गाणं गुणगुणत चपला काढाव्यात, म्हणजे काय? एरवी ही अर्ध्या जिन्यात पिशवी टेकायची, कठड्याला धरून उभी राहायची आणि घरात आल्यावर आधी पाणी मागायची. आज धाप नाही की काही नाही. घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली.

मग त्यांना एकेक दिसायला लागलं. बायको हल्ली दुपारची सारखी बहिणीकडे जात होती. बहीण तीच, जिचा फोन आला तरी हिचं डोकं दुखायचं. गालांवर तजेला आला होता. त्यात साखर शोधताना पिठाच्या डब्यामागे कॅनव्हासचे कोरे बूट हाताला लागले. बहिणीकडे जायला कुणाला बूट लागतात? बूट लागतात ते पळून जायला!

पण घड्याळजी पडले कारागीर माणूस, आधी तपासणी करणार. संध्याकाळी बायकोने चहा पुढे केला तसं त्यांनी कप बाजूला ठेवून तिचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कुठे होतीस?"

"बहिणीकडे."

खोटं बोलताना काळीज धडधडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बायकोची नाडी ढिम्म! उलट पूर्वीपेक्षा संथ, लंबकाच्या घड्याळासारखी ऐटीत चाललेली. घड्याळजींनाच घाम फुटला. म्हणजे ही साधीसुधी खोटारडी नव्हती, चांगली मुरलेली होती.

"चहा निवतोय," बायको म्हणाली. नाडी तशीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मंद चालणारं घड्याळ उघडताना मात्र त्यांच्या छातीत धस्स झालं. घड्याळ मंद कधी चालतं? चावी संपत आली की! म्हणजे हिला काही दुखणं तर नसेल? आणि ही ते आपल्यापासून लपवत तर नसेल? मग त्यापेक्षा दुसरा कोणी असलेला परवडला, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं, आणि तसं वाटल्याचा पुन्हा रागही आला. त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि बायकोच्या मागावर निघाले.

बायको चालत होती की उडत होती, देव जाणे. तिला गाठायचं तर घड्याळजींना चक्क धावावं लागलं. जन्मभर साठवलेले ठोके रस्त्यात सांडत चाललेत असं त्यांना वाटत होतं. ती वळून बघेल या भीतीने ते एका खांबामागे लपले. खांबाने त्यांना निम्मंसुद्धा झाकलं नाही. तेवढ्यात ती एका दवाखान्यात शिरली आणि जिन्याने वर गेली. लिफ्ट बंद होती. घड्याळजी कठडा धरून, देवाचं नाव घेत चढले आणि वरच्या दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले.

आत त्यांची बायको एका जागच्या जागी उभ्या सायकलवर बसून जिवाच्या आकांताने पायडल मारत होती. तोंडावर नळीचा मुखवटा, छातीला वायरी. शेजारी एक दाढीवाला उभा राहून वर म्हणत होता, "अजून जोरात!"

घड्याळजींचा संशय, राग, अभिमान, सगळं एका दमात गळून पडलं. राहिली ती निव्वळ भीती. ते दार ढकलून आत घुसले आणि ओरडले, "सोडा तिला! चावी संपत आलीय तिची! माझं कसं होणार मग?"

सायकल थांबली. मुखवटा निघाला. बायकोचा चेहरा लालबुंद झाला होता, पण ती हसत होती.

दाढीवाला निघाला हृदयाचा डॉक्टर. जिन्यात धाप लागते म्हणून ही इथे दाखवायला आली होती. दुखणं काहीच नव्हतं, हृदयाला कामाची सवय नव्हती एवढंच. घरी सांगितलं असतं तर नवऱ्याने तिला दुसरं स्टूल आणून दिलं असतं, म्हणून बहिणीचं नाव पुढे केलं. पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ते हे यंत्र सांगत होतं, आणि बाईंचा आकडा चांगलाच वर गेला होता.

"पण नाडी का मंदावली?" घड्याळजींनी धापा टाकत विचारलं.

डॉक्टर म्हणाले, व्यायामाने तयार झालेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी त्याचं कमी ठोक्यांत भागतं. घड्याळजींनी मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे त्यांच्याच नियमाने ठोके वाचवत होती ती ही धावणारी, आणि स्टुलावर बसून उधळत होते ते! इतका अपमान त्यांचा कुठल्या गिऱ्हाइकानेही केला नव्हता.

तेवढ्यात बायकोने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि समोरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, "माझ्या मागावर आलात ना?"

"छे गं. सहज... इकडून चाललो होतो."

तिने थोडा वेळ नाडी पाहिली. मग हात न सोडता डॉक्टरांना म्हणाली, "यांनाही बसवा सायकलवर. साधं एक खोटं पेलत नाही यांच्या हृदयाला."