शब्द क्रमांक तेवीस

मोनिकाशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, असं खुद्द मोनिकाचंच ठाम मत होतं. कारण सरळ होतं. बाकीची माणसं नुसती तोंडानं भांडतात. मोनिका वही काढते!

आता वही म्हणजे साधीसुधी नव्हे. मोनिका नगरला बी.एस्सी. झालेली, तेही रसायनशास्त्र घेऊन. लग्न होऊन शेवगावपलीकडच्या या गावात आली तेव्हा कपाट, मिक्सर यांच्याबरोबर प्रॅक्टिकलची एक कोरी जर्नलही आली. कॉलेज संपलं, जर्नल उरली. ती चार वर्षं कपाटाच्या तळाशी पडून होती. मग अकरा महिन्यांची सृष्टी एका दुपारी तांब्याकडे बोट दाखवून "पापा!" म्हणाली, आणि मोनिकानं डाळीचा कुकर लावून तीन शिट्ट्यांच्या आत पहिलं पान लिहून काढलं.

साध्य: सृष्टीचे बोलणे.
साहित्य: मोबाईल, वही.
कृती: बोलली की रेकॉर्ड करणे.
निरीक्षण: तारीख, वेळ, शब्द.
निष्कर्ष: 

ही शेवटची जागा तिनं रिकामी सोडली. निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. हे न कळणारी, म्हणजे आधी निष्कर्ष काढून मग सुनेला सुनावणारी माणसं घरात होतीच!

तेव्हापासून नेम ठरला. सृष्टी काही पुटपुटली की मोनिका कणकेचा हात पदराला पुसायची, मोबाईल पोरीच्या तोंडासमोर धरायची आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणायची, "शब्द क्रमांक सहा. भूभू. परत बोल, सृष्टी! मोठ्यांदा!" मग कुकर, दूधवाला, सासूबाई यांच्या तावडीतून निसटलेल्या दहा मिनिटांत ते वहीत उतरवायची. शब्द क्रमांक नऊ होता 'नाई'. तो सृष्टी घास, अंघोळ, टोपी आणि बाबा या चारही संकटांना वापरायची. शब्द चौदा 'चांदू'. तो तिनं भरदुपारी, ताटातल्या भाकरीकडे बघून काढला होता. त्यापुढे मोनिकानं कंसात 'बरोबरच आहे' असं लिहिलं होतं. रेकॉर्डिंग मात्र ती परत कधी ऐकत नसे. ऐकणार कधी? मोबाईल म्हणजे पुरावा, आणि पुरावा जपून ठेवायचा असतो, उकरायचा नसतो.

बावीस महिन्यांत एक्केचाळीस शब्द! फक्त एक अडचण होती. हे एक्केचाळीस शब्द पृथ्वीतलावर एकट्या मोनिकानंच ऐकले होते. चारचौघांत सृष्टी असं तोंड मिटायची, की बँकेच्या तिजोरीनं तिच्याकडे शिकवणी लावावी!

"न्हाई बोलत गं पोरगी," सासूबाई, म्हणजे गोजरबाई, रोज सकाळी चहाच्या कपात बघून म्हणायच्या. "आमच्या हर्षलनं नवव्या म्हयन्यात 'आई' म्हनलं. धाव्यात शिवी दिली!"

"आई, ती बोलते! एक्केचाळीस शब्द झाले!"

"कुटं हायती?"

"वहीत!"

"वहीत व्हय! मंग वहीलाच पाठव उद्या अंगनवाडीत."

गोजरबाईंचा उपाय ठरलेला होता. शेजारच्या बायडाबाईंकडे एक पोपट होता, मिठू. मांजरीच्या तोंडातून सुटलेला, एका पंखानं अधू. पोपटानं चोच मारलेला उष्टा पेरू मुलाला चारला की मूल घडाघडा बोलायला लागतं, हे त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं, आणि सासूचं त्यांनी ऐकलेलं एवढंच!

"पक्ष्याचं उष्टं? माझी पोरगी खाणार नाही! जंतू असतात!" मोनिकानं जाहीर केलं.

"दोन पिढ्यांनी खाल्लं, कोन मेलं?"

"मी आहे तोवर नाही म्हणजे नाही!"

हर्षल तेवढ्यात चप्पल घालून शेवगावला मार्केट यार्डात निघूनही गेला. या घरात चप्पल घालण्याचा वेग त्याच्याइतका कुणाचाच नव्हता.

शेवटी जानेवारीच्या पंधरा तारखेला तह झाला. पंचवीसला अंगणवाडीत आयांची बैठक होती. गोजरबाईंनी अट घातली, "चारचौघीत पोरगी बोलली, तर म्या पोपटाचं नाव काढनार न्हाई. न्हाई बोलली, तर पेरू चारनार, अन तुजा मोबाईल कपाटात. चावी माज्या कमरेला!"

"कबूल!" मोनिका म्हणाली. मोबाईल कपाटात म्हणजे काय, हे तिला कळत होतं. 'चांदू' गेला, 'भूभू' गेला. पोरगी उद्या मोठी होईल, घडाघडा बोलेल, पण भाकरीला पुन्हा चांदू म्हणणार नाही. तरी ती म्हणाली, कबूल! हरायची सवयच नव्हती ना!

पंचवीस तारीख उजाडली. अंगणवाडीत सतरंजीवर वीसेक आया, मांडीवर तितकीच पोरं, कडेला पाच-सहा आज्या आणि त्यात पुढच्या रांगेत बायडाबाई. सेविका पूजाताई वजनकाट्याशेजारी रजिस्टर घेऊन बसलेल्या.

"सृष्टी हर्षल," पूजाताईंनी हाक मारली. "बोलते का?"

"भरपूर!" मोनिका म्हणाली. "सृष्टी, भूभू कसा करतो?"

सृष्टीनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"काऊ कुठंय? काऊ?"

सृष्टीनं तो अंगठा तोंडात घातला.

"चांदू दाखव, चांदू!"

सृष्टीनं अंगठा बाहेर काढला. अख्खी अंगणवाडी पुढे झुकली. सृष्टीनं दुसऱ्या पायाचा अंगठा तोंडात घातला!

गोजरबाईंनी पिशवीचं तोंड उघडून आतला पेरू सारखा केला. झालं! मोनिकाच्या अंगातलं बी.एस्सी. खवळलं.

"ताई, पुरावा आहे! तो गाण्यांचा स्पीकर द्या जरा!"

पोरांच्या बडबडगीतांसाठी आलेला स्पीकर पूजाताईंनी पुढे सरकवला. मोनिकानं मोबाईल जोडला. "ऐका! एक ते एक्केचाळीस, ओळीनं!"

"शब्द क्रमांक एक. पाणी," स्पीकरमधली मोनिका गरजली. "पापा," सृष्टीचा इवलासा आवाज आला. सतरंजीवर "अगंबाई!" उमटलं. दोन, तीन, चार... प्रत्येक शब्दाला आया माना डोलवत होत्या. पूजाताई रजिस्टरात खुणा करत होत्या. गोजरबाईंनी पिशवीचं तोंड हळूच मिटलं. मोनिकाची मान उसाच्या तुऱ्यासारखी वर वर चालली.

आणि बारावा शब्द आला.

"शब्द क्रमांक बारा. काऊ. बोल, सृष्टी!" आणि त्यामागून, ओसरीवरून, गोजरबाईंचा खणखणीत आवाज! कर्जतच्या बहिणीशी फोनवर: "आगं आक्काबाई, बायडीकडं जेवाया गेल्ते. पुरनपोळी हुती का चपलीचा तळ! दात हालला माजा!"

साऱ्या माना बायडाबाईंकडे वळल्या.

"गोजरे!" बायडाबाई उठल्या. "चार खाल्ल्या हुत्यास! वर दोन बांधून नेल्या!"

"आगं, ती दुसरी बायडी!"

"गावात दुसरी बायडी दाव मला!"

"मोने, बंद कर त्ये!" गोजरबाई ओरडल्या.

आता शहाण्या माणसानं बंद केलं असतं. पण अजून एकोणतीस शब्द बाकी होते! "थांबा हो, 'काऊ' पुढेच आहे!" असं म्हणत मोनिकानं आवाज आणखी वाढवला. खरंच, सगळ्या गोंधळात "काऊ" आलं. ऐकलं कुणीच नाही.

तेरा, चौदा, पंधरा सुखरूप गेले. सतराव्याला 'गाई' म्हणणाऱ्या सृष्टीमागून खुद्द मोनिकाच बोलली, हर्षलला: "अहो, पूजाताईंनी अंगाईगीत म्हटलं ना, की झोपलेलं पोरसुद्धा उठून रडतं!"

पूजाताईंचं पेन रजिस्टरावर थांबलं.

"ताई, ते... म्हणजे, आवाज खूप पोचतो तुमचा, असं..."

"कळलं," पूजाताई म्हणाल्या. त्या आवाजात थंडी होती, जानेवारीतल्या पहाटेची.

कुणीतरी मागून म्हणालं, "चालू द्या वो, रंगात आलंय!" आणि मोनिकानं चालू दिलं. माघार घ्यायची तर ती बोलणाऱ्यांनी घ्यावी. पुराव्यानं का घ्यावी?

"शब्द क्रमांक तेवीस. चार जानेवारी. सकाळ." या दिवशी तिनं मोबाईल चालू ठेवून खिडकीत ठेवला होता आणि दूध उतू जातंय म्हणून आत धावली होती. परत आली तेव्हा सृष्टी स्पष्ट "दे!" म्हणत होती. किती आनंद झाला होता! वहीत तिनं त्यापुढे फूल काढलं होतं.

स्पीकरमध्ये आधी खुसुखुसु झालं. मग गोजरबाईंची कुजबुज: "खा माजे बाई, खा. मिठूनं चोच मारल्याली हाय बघ. ग्वाड हाय ना? आईला सांगू नको हां." कचकच चावल्याचा आवाज. आणि सृष्टी: "दे!"

"आई!!!" मोनिकानं रेकॉर्डिंग थांबवलं आणि ती ताडकन उठली. "चार तारखेलाच चारला? आणि पंधराला माझ्याकडे परवानगी कसली मागत होतात?"

"ती तुजा मान म्हनून!" गोजरबाई तितक्याच ताडकन म्हणाल्या.

"अन मला म्हनली, पेरू माज्यासाठी दे, पित्त झालंय!" बायडाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं, मागायचा त्यो मागायचा, त्या मिठूचा? आठ वर्षं झाली आनून, एक शबुद बोलला न्हाई त्यो! मांजर आली तरी गप बसतोय!"

सगळी अंगणवाडी हसून सतरंजीवर आडवी झाली. मोनिकाला वाटलं, संपलं! मुका पोपट! जिंकले! "ऐकलंत? ज्याला स्वतःला बोलता येत नाही, तो काय माझ्या पोरीला बोलायला शिकवणार?"

"ताई," पूजाताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ती वही द्या बघू जरा."

मोनिकानं अभिमानानं वही दिली. इथंच चुकलं. पूजाताई, अंगाईगीताचं दुःख उरात ठेवून, पानं उलटायला लागल्या. "चार जानेवारीच्या आधी, दहा महिन्यांत, शब्द बावीस. चार जानेवारीनंतर, एकवीस दिवसांत..." त्यांनी बोटांवर मोजलं. "अठरा."

एका कोपऱ्यातून लांबलचक "आऽगं माय!"

"बगा!" गोजरबाईंचा आवाज छताला लागला. "हिच्याच वहीत हाय! हिच्याच अक्षरात! मिठू कशाला बोलंल? त्याचं समदं बोलनं पोरीत उतरलं!"

"वय वाढलं की शब्द आपोआप वाढतात!" मोनिका ओरडत होती. "नंतर आलं म्हणून त्याच्यामुळं आलं, असं नसतं! हे शास्त्र आहे!"

"शास्त्र तर तू लिवलंयस!"

"माज्या पोळीचं काय त्ये आधी बोल!" बायडाबाई मधेच घुसल्या. तिघी एकदम बोलायला लागल्या. एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्यावर, एस्टी स्टँडवर लागलेल्या गाडीत रुमाल टाकावेत तसं!

या सगळ्या गदारोळात सतरंजीवरून सृष्टी उठली. डुलत डुलत स्पीकरपाशी गेली. मोबाईल दोन्ही हातांनी उचलला. आणि बायडाबाईंच्या समोर उभी राहून, टाचा उंचावून, तो त्यांच्या तोंडाकडे धरला.

"पलत बोल," ती म्हणाली. "मोथ्यांदा!"

सृष्टी वळली. "आजी! तू पलत बोल!"

गोजरबाईंनी तिला उचललं आणि मुके घेऊन घेऊन बेजार केलं. बायडाबाई पोळी विसरल्या. पूजाताईंनी रजिस्टरात ठसठशीत लिहिलं: 'वाक्य बोलते.' आणि मोनिकानं पोरीला आजीच्या हातातून ओढून घेतलं, कारण तो आवाज, ती ऐट, तो मोबाईल धरायचा हात, सगळं तिचंच होतं. बावीस महिन्यांच्या पोरीनं आईचे शब्द नव्हते उचलले. अख्खी आई उचलली होती!

तह मात्र गोजरबाईंनी शब्दाला जागून पाळला. त्या दिवसापासून त्यांनी पोपटाचं नाव काढलं नाही. नुसतं पेरूचं काढतात! बायडाबाईंच्या दारात आता रोज सकाळी बाया पेरू घेऊन उभ्या असतात. मिठू खाऊन खाऊन भोपळ्यासारखा झालाय आणि अजूनही चकार शब्द बोलत नाही.

आणि ते पहिलं वाक्य? ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. मोबाईल त्या वेळी शब्द क्रमांक तेवीसवरच अडकून बसला होता! घरी आल्यावर मोनिकानं चार दिवस "परत बोल, सृष्टी, मोठ्यांदा!" करून बघितलं. सृष्टीनं आधी उजव्या, मग डाव्या पायाचा अंगठा तोंडात घातला.

पाचव्या दुपारी, सासूबाई झोपल्यावर, मोनिकानं वही उघडली. निष्कर्षाच्या रिकाम्या जागेत तिनं पेन दाबून लिहिलं: 'पेरूचा काहीही संबंध नाही!' खाली तीन रेघा मारल्या. तिसऱ्या रेघेला कागद फाटला. तरी ती मागे हटली नाही.

मग तिनं दाराकडे एकदा बघून घेतलं, त्याच पानाच्या माथ्याशी नजर नेली, आणि 'साहित्य: मोबाईल, वही' याच्या पुढे, पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलं: 'पेरू (अर्धा, आज सकाळी, जंतूंसाठी धुऊन).'

प्रयोगात वापरलेलं साहित्य लपवून ठेवायला ती काही गोजरबाई नव्हती!