नामदेवकाकाजींचं अंजन

आमचे नामदेवकाकाजी रोज सकाळी दातांची कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि गवत खातात. थट्टा नाही, खरंच खातात. मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, हिरवी काडी तोंडात घालून डोळे मिटतात. मग एकतर "जमलं!" म्हणतात, नाहीतर थू करून टाकतात.

"काकाजी, दात असून काढता कशाला?" एकदा न राहवून मी विचारलंच.

"दातानं काय, कोनीही खाईन वं," म्हणाले आणि पुढची काडी तोडली.

काकाजी पारशिवनीकडच्या खेड्यातले. काकू गेल्यावर मुलानं त्यांना इथे, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणलं. माणूस येताना चार कपडे, देवाचा फोटो आणतो. यांनी आणला गवत कापायचा एक इळा आणि पिशवीभर अंजन गवताचं बी! ते बी इतकं हलकं, की फुंकर मारली तरी उडतं. म्हणून शेणमातीत कालवून त्याच्या गोळ्या करायच्या आणि वाळवायच्या. त्यासाठी काकाजींना अख्ख्या नागपुरात जागा सापडली ती गच्चीवर, माझ्या कुरोड्यांच्या शेजारी. मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, अर्धवट वाळलेल्या दोन कुरोड्या उचलून तोंडात टाकल्या आणि खाली निघून गेले.

पावसात मागच्या पट्टीत ते गवत उगवलं आणि मग हटायचं नावच घेईना. या मे महिन्यात तर कहर झाला. सोसायटीचं महागडं लॉन जळून पिवळं पडलं आणि काकाजींचं अंजन आपलं हिरवंच! पाणी किती, तर कूलरची टाकी धुताना उरेल तेवढं. काकाजी बादली घेऊन दारोदार हजर. "कूलरचं पानी फेकू नोका गा!" आणि वर लॉनला नावं ठेवायची. "ते गवत नोहे, गालिचा हाय. गालिच्याले कोन खाते?"

दोन-तीन दिवसांआड ते भारा बांधत आणि एस.टी.नं गावाकडे जात. काकाजी गवत विकतात, हे आम्ही परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात अध्यक्ष भोयरसाहेबांनी फर्मान काढलं. रविवारी मीटिंग, मागचं गवत उपटायचं, तिथेही लॉन लावायचं. काकाजी माझ्या दारात आले. चेहरा पार उतरलेला.

"पोरी, पानी पडेपर्यंत राहू द्या म्हन ना त्याहिले. मंग उपटा."

"पण काहून, काकाजी?"

काकाजी वळून भारा बांधायला निघाले. शनिवारी आम्ही रामटेकला जाणार होतो. म्हटलं चला, तुमचं गाव तिकडेच, तुम्हाला आणि तुमच्या भाऱ्याला गाडीनं सोडते.

त्यांच्या भावाच्या गोठ्यात एक म्हातारी गाय बसली होती. समोर कडबा तसाच पडलेला. काकाजींनी "गोदे!" म्हटलं मात्र, ती धडपडत उठली. काकाजींनी कवळी खिशात टाकली, एक काडी चावून पाहिली, "जमलं" म्हणाले आणि गवत बारीक कापून तिला हातानं भरवू लागले.

"तुह्या काकूची गाय हाय. तिचे दात गेले, कडबा चावत नाही. अंजनालेबी तुरा आला का ते कडक होते. म्हून मी दात काढून पाहातो. माह्या हिरड्याले जमलं, तं तिले जमते. पानी पडलं का बाहीर कोवळं गवत येईन. तवरिक जगली पायजे." गायीच्या मानेवरून त्यांचा हात फिरत होता. "तिकडं फ्लॅटमंदी दिवसभर बोलाले कोनी नाही वं. इथसा येतो, तुह्या काकूच्या गोष्टी हिच्यासंगच करतो."

मला रडूच फुटलं.

"रडू नोको. कुरोड्या चांगल्या झाल्या होत्या."

रविवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. काकाजी मान खाली घालून बसलेले.  भोयरसाहेब म्हणाले, "ते गवत आणा."

काकाजींनी मूठभर आणून दिलं. साहेबांनी आमच्याकडे पाठ केली, रुमाल तोंडाशी नेला आणि चक्क कवळी काढली! इतक्या वर्षांत आम्हाला पत्ता नव्हता. सावकाश एक काडी चावली.

"हे थोडं कडक लागून राहिलं, काकाजी."

"आतलं पान घ्या साहेब, आतलं."

साहेबांनी आतलं पान तोंडात घातलं आणि डोळे मिटले. 

"जमलं," साहेब म्हणाले. "पाणी पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

काकाजी बोळकं उघडून हसले. सकाळी काढलेली कवळी अजून खिशातच होती, आणि डोळे पुसायला त्यांना माझाच पदर सापडला.