लसणाचे राष्ट्रीयत्व

ज्या देशाला आपला लसूण राखता येत नाही, त्याने सीमा राखून तरी काय करायचे? या उदात्त विचाराने सरकारने परदेशी लसणावर बंदी घातली आणि बाजाराच्या वेशीवर तपासणी नाका बसवला. नाक्यावरचे तपासनीससाहेब फार कर्तव्यदक्ष होते. (सकाळचा चहासुद्धा ते नोंद करूनच पीत.)

बंदीचा फायदा झाला, हे शत्रूही कबूल करेल. भाव टिकला. तपासनीसांचा थोरला भाऊ लसूणच पिकवायचा. त्याच्या घरावर पत्र्यांच्या जागी स्लॅब आला, मुलगी नर्सिंगला गेली.

अडचण एकच होती. लसूण बोलत नाही, त्यामुळे त्याला गाव विचारता येत नाही. म्हणून नियम सात काढण्यात आला. परदेशी लसूण टपोरा असतो आणि चटकन सोलला जातो. आपला बारीक आणि नखांशी उभा दावा मांडणारा. सबब, एका मिनिटात पाचांहून अधिक पाकळ्या सोलल्या गेल्यास माल परदेशी समजावा. सोलायला एक कारकून नेमला. (नखे कापायची असल्यास लेखी परवानगी आवश्यक.)

एके सकाळी थोरला भाऊ टेम्पो घेऊन हजर झाला. बंदीने मिळालेल्या उसंतीत त्याने सात वर्षे गड्डे निवडून निवडून बियाणे सुधारले होते. ती सगळी मेहनत त्या टेम्पोत होती. कारकुनाने मिनिटभरात एकोणीस पाकळ्या सोलल्या आणि घाबरून साहेबांकडे पाहिले.

"दादा, हा माल परदेशी आहे."

"अरे, लावणीला तू स्वतः आला होतास! पायात काटा मोडला म्हणून बोंबलत होतास."

"काटा आपलाच होता. लसणाचं सांगता येत नाही."

"मग मी करू काय?"

"पुढच्या वर्षी जरा बारीक पिकव."

तपासनीसांना मनापासून वाईट वाटले. जप्तीची पावती त्यांनी नेहमीपेक्षा सुवाच्य अक्षरात लिहिली. भाऊ रिकामा टेम्पो घेऊन गेला, घरी राखून ठेवलेले सुधारलेले बियाणे त्याने उकिरड्यावर ओतले आणि आजोबांच्या वेळचा बारीक लसूण लावला. वार्षिक अहवालात 'स्वदेशी वाणाचे संवर्धन' या सदराखाली त्याची गौरवाने नोंद आहे.

जप्त मालाचा रीतसर लिलाव झाला. पोत्यांवर 'परदेशी' असा शिक्का होता, त्यामुळे भाव तिप्पट आला आणि माल दुपारपर्यंत बाजारात संपलाही. रांगेत तुम्हीही होतात. वर्तमानपत्राखाली पिशवी लपवत घरी आलात, आणि पहिली पाकळी सोलताच म्हणालात, "काही म्हणा, बाहेरच्या मालाची सर आपल्या मालाला यायची नाही!"