खिडकीच्या कडा आणि पलंगाच्या फळ्या

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मिस्त्री बाहेरच्या खोलीची नवी खिडकी बसवत होता. फोनवर लेक नुसती रडत होती. अप्पांना कळायचं ते कळलं. मिस्त्रीने हातोडी ठेवली, "काका, मी नंतर येतो," म्हणाला आणि हळूच दार ओढून गेला.

खिडकी बसली, पण आतल्या कडा तशाच राहिल्या. भिंतीच्या जाडीएवढी चारी बाजूंची पट्टी. फोडाफोडीत तिचं प्लास्टर निघून विटा उघड्या पडल्या होत्या. भेटायला येणारी माणसं बोलायला सुचेना की त्या विटांकडे बघत बसत.

काही महिन्यांनी मिस्त्रीने पुन्हा विचारलं, "काका, कडांना काय लावू? टाइल, प्लास्टिकचं पॅनेल, की लाकूड?"

हेच गेलेल्या बायकोनेही एकदा विचारलं होतं. नुसतं विचारलं नव्हतं, आपल्याला काय हवं तेही सांगितलं होतं, चांगलं बराच वेळ. अप्पा पेपर वाचत होते. आपण मधूनमधून "हं" म्हटल्याचं त्यांना आठवत होतं. ती काय म्हणाली, ते काही केल्या आठवेना.

रविवारी मिस्त्री मापं घ्यायला आला, तेव्हा लेक आली, मेहुणी आली. लेकीला टाइल हवी होती. फडकं मारलं की स्वच्छ. मेहुणीला प्लास्टिक; ना धूळ, ना कटकट. अप्पांचा जीव मात्र माळ्यावरच्या जुन्या पलंगाच्या फळ्यांत अडकला होता. आज ना उद्या उपयोगी पडतील म्हणून त्यांनी त्या जपल्या होत्या. पण दोघींपुढे त्यांचं काही चालेना. तेव्हा ते म्हणाले, "हिला लाकूड हवं होतं. पलंगाच्या फळ्या."

अप्पा स्वतःच दचकले.

"त्या फळ्या?" मेहुणी ओरडली. "भाऊजी, त्या घराबाहेर गेल्या की मी सुटले, असं ताई मला दर फोनला सांगायची!"

"शेवटी शेवटी मन बदललं तिचं," अप्पा म्हणाले. एक खोटं उभं केलं की त्याला टेकू द्यावाच लागतो.

लेकीने नाक पुसलं. "पण मला तर आई टाइल म्हणाली होती."

"आणि मला प्लास्टिक," मेहुणीने लगेच सांगितलं. "फोनवर."

आली का पंचाईत! आपलं खोटं आहे हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण लेकीचं खरं असलं तर? आईने लेकीला सांगितलं असेलही. मेलेल्या माणसाचा शब्द खोटा कोणत्या तोंडाने म्हणायचा? त्यांनी दोघींकडे पाहिलं. दोघीही त्यांच्याकडे तशाच चोरट्या नजरेने बघत होत्या.

"काकूंनी तिघांना तीन सांगितलं म्हणायचं," मिस्त्री म्हणाला. "बरं आहे, बाजू चार आहेत."

तो गमतीने म्हणाला, पण कुणी हसलं नाही. उलट लेक म्हणाली, "तसंच करा. कुणापाशी बोललेला आईचा शब्द मोडायला नको."

आणि तसंच झालं. डावीकडे पलंगाची फळी, उजवीकडे पांढरी टाइल, खाली प्लास्टिक. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "अगंबाई, नमुने लावून ठेवलेत होय? मग ठरलं काय?"

तिघांनीही माना खाली घातल्या.

मिस्त्री शिडीवर चढला. "वरच्या बाजूला कुणाचं लावू?"

"बाबा," लेक एकदम म्हणाली, "आई मला काही बोलली नव्हती. तुम्ही त्या फळ्या लावाल म्हणून मी उगाच सांगितलं." आणि ती रडायला लागली.

मेहुणीने पदर डोळ्यांना लावला. "मलाही नव्हती बोलली गं. माझ्या जिभेला काही हाड आहे का! ताईच्या नावावर मी खोटं बोलले."

आता अप्पांची पाळी होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण मेहुणीने त्यांचे पाय धरले. "भाऊजी, माफ करा. खरं एकटे तुम्हीच बोललात."

"मिस्त्री, टाइल काढा, ते प्लास्टिकही काढा," लेक म्हणाली. "चारी बाजूंना लाकूडच. आईची इच्छा होती." मग ती फळीवरून हात फिरवत राहिली. "आईचा इतका जीव होता यांच्यावर, आणि मला पत्ताच नाही."

अप्पांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "अगं, पण..." ते म्हणाले.

"काही बोलू नका बाबा. कळतं मला," लेक म्हणाली आणि तिने त्यांना पाणी आणून दिलं. अप्पा ते प्यायले.

फळ्या चारी बाजूंना लागल्या. खिडकी दिसतेही बरी. येणाऱ्या प्रत्येकाला मेहुणी ताईची शेवटची इच्छा सांगते, माणसं हळहळतात, आणि अप्पा उठून आत चहा ठेवायला जातात.

लेक दर रविवारी येते आणि त्या फळ्या कोरड्या फडक्याने पुसते. अप्पांनी तिला अजून सांगितलेलं नाही.